वर्षाची साठवण की महिन्याचे वाणसामान? मोजक्या पैशांत स्वयंपाकघर कसे भरावे?

रानजाई | ११ जानेवारी, सकाळी १०.४०

नमस्कार. आम्ही तिघे जण, म्हणजे मी, माझे यजमान आणि शिक्षणासाठी आमच्याकडे राहणारा धाकटा दीर, गेल्या वर्षी पुण्यात धायरीला भाड्याच्या घरात राहायला आलो. दूध, भाजी आणि फळे सोडून वाणसामानासाठी महिन्याला ६,००० रुपये बाजूला काढलेले असतात. पहिल्या आठवड्यात मी घर भरते आणि तिसरा आठवडा उजाडेपर्यंत कणीक, डाळ किंवा तेल यांपैकी काहीतरी संपलेले असते. मग अर्ध्या-एक किलोची पाकिटे घरपोच मागवावी लागतात आणि हिशेब कोलमडतो.

सासूबाईंच्या सांगण्यावरून गेल्या जूनमध्ये ३० किलो गहू आणि १० किलो तांदूळ एकदम घेऊन ठेवले होते. श्रावणात पिंपाचे झाकण उघडले तेव्हा वरचा थर हाताला कोमट लागला, गव्हात टोके फिरत होते आणि तळाशी पिठूळ भुकटी साचली होती. जवळजवळ ९ किलो गहू टाकून द्यावा लागला. त्या दिवसापासून साठवण करायची भीती बसली आहे.

वर्षाचे काय भरावे, महिन्याचे काय आणावे आणि किती आणावे, हे ठरवण्याची तुमची पद्धत कृपया सविस्तर सांगावी.

शनिवारकर | ११ जानेवारी, सकाळी ११.०५

किती आणावे हे ठरवण्याआधी किती लागते ते मोजा. तुमच्या घरात रोज किती पोळ्या होतात?

रानजाई | ११ जानेवारी, सकाळी ११.३०

साधारण १२. रात्री बहुतेक भात असतो. मी महिन्याला आठ किलो गहू दळून आणते.

ओवी_कर्वेनगर | ११ जानेवारी, दुपारी १.१५

रानजाई, तुमच्या तिसऱ्या आठवड्याचे उत्तर इथेच आहे. मध्यम आकाराच्या एका पोळीला ३० ग्रॅमच्या आसपास कोरडे पीठ लागते. १२ पोळ्यांना ३६० ग्रॅम झाले आणि ३० दिवसांचे १० किलो ८०० ग्रॅम. तुम्ही आठ किलो आणता, म्हणजे ते बाविसाव्या दिवशी संपणारच. यात उधळपट्टी कोणाचीच नाही, माप चुकलेले आहे.

मी लग्नानंतर पहिली दोन वर्षे अशीच चाचपडत होते. नंतर प्रत्येक डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कागदी चिकटपट्टी लावली आणि डबा भरला की त्यावर तारीख व वजन लिहायचे ठरवले. डबा रिकामा झाला की दुसरी तारीख लिहायची. असे दोन महिने केल्यावर तूरडाळ किती दिवसांना एक किलो लागते, साखर किती, शेंगदाणे किती हे सगळे आकडे माझ्यासमोर आले. आमच्याकडे पोहे मी दुप्पट आणत होते आणि मूगडाळ निम्मी. यादी दुकानात उभे राहून आठवू नये, ती डब्यांच्या झाकणांवरून उतरवून घ्यावी.

भुसार_काका | ११ जानेवारी, रात्री ९.२०

मी २८ वर्षे भुसार मालाच्या व्यापारात काढली, आधी दुसऱ्याच्या गाळ्यावर आणि नंतर स्वतःच्या, त्यामुळे या प्रश्नावर थोडे विस्ताराने लिहितो.

आमच्या लहानपणी पुण्याचा घाऊक भुसार बाजार नाना पेठ आणि भवानी पेठ भागात होता. पुढे तो गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला. आजही पेठांमध्ये जुनी किराणा दुकाने आहेत आणि तिथे पाच-दहा किलो मालही चांगल्या भावाने मिळतो, परंतु पूर्ण कट्टा, म्हणजे ३० किलोचे पोते, घ्यायचा असेल तर मार्केट यार्डाच्या भुसार विभागात एक चक्कर मारावी.

भावापेक्षाही हंगाम महत्त्वाचा असतो. नवा गहू फेब्रुवारीच्या अखेरीपासून येऊ लागतो आणि मार्च-एप्रिलमध्ये भरपूर असतो. रब्बीची ज्वारी आणि हरभराही त्याच सुमारास येतात. तूर खरिपाची असली तरी तिची काढणी डिसेंबर-जानेवारीत होते, म्हणून नव्या तुरीची डाळ साधारण फेब्रुवारीपासून मिळते. भाताची काढणी दिवाळीच्या आसपास सुरू होते. मिरची आणि हळद उन्हाळ्याच्या तोंडावर येतात. आपल्या आया-आज्या मार्च ते मे या काळात घर भरत असत, कारण त्या वेळी माल नवा, भाव उतरलेला आणि ऊन कडक असे तिन्ही एकत्र यायचे. रानजाई, तुम्ही गहू जूनमध्ये घेतलात. तोवर हवेत दमटपणा आलेला असतो आणि वाळवायला ऊन मिळत नाही.

गहू घेताना दोन दाणे दाताखाली धरून चावावेत. कोरडा दाणा कट् असा आवाज करून फुटतो आणि ओलसर दाणा दबतो. घरी आणखी खात्री करायची असेल तर कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर गहू आणि चमचाभर कोरडे, मोकळे मीठ घालून चांगले हलवावे आणि पाव तास तसेच ठेवावे. मीठ काचेला चिकटले तर धान्यात ओल आहे, ते साठवण्यायोग्य नाही.

लोकवन, सिहोर, शरबती अशी नावे ऐकून घाबरून जाऊ नये. रोजच्या पोळीला स्वच्छ लोकवन उत्तम चालतो. ज्वारी घ्यायची असेल तर मालदांडी पाहावी, तिची भाकरी मऊ होते.

निळा_डोंगर | ११ जानेवारी, रात्री १०.१०

काकांच्या अनुभवाबद्दल पूर्ण आदर ठेवून मी वेगळे मत मांडतो. वर्षाची साठवण वाड्यातल्या मोठ्या घरांना, गच्चीला आणि दुपारी धान्य राखत बसायला माणूस असलेल्या कुटुंबांना शोभत होती. दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात ती महागात पडते. महिन्याला ६,००० रुपये असणाऱ्या घराने एप्रिलमध्ये १५,००० रुपये धान्यात अडकवले तर त्याच महिन्यात दवाखान्याचा खर्च निघाल्यावर काय करायचे? शिवाय धायरीहून मार्केट यार्डला जाण्यायेण्याचा रिक्षाखर्च, कट्टा वर चढवण्याची मजुरी आणि टाकून दिलेले नऊ किलो हे सगळे धरले तर किलोमागे वाचलेले चार-पाच रुपये कुठे उरतात?

माझ्या मते महिन्याचेच आणावे, मात्र मोजून आणावे.

भुसार_काका | १२ जानेवारी, सकाळी ७.५०

निळा डोंगर यांचा पैसे अडकण्याचा मुद्दा योग्य आहे आणि मी तो लिहायला हवा होता. माझा आग्रह वर्षासाठी नाही, हंगामासाठी आहे. ओवीताईंचा हिशेब पुढे नेऊन पाहा. रोज ३६० ग्रॅम धरले तर ३० किलोचा कट्टा ८३ दिवस पुरतो. एप्रिलच्या मध्यावर दोन कट्टे वाळवून ठेवले की सप्टेंबरच्या अखेरपर्यंत गव्हाकडे पाहावे लागत नाही. ज्या चार महिन्यांत धान्य आणणे आणि वाळवणे सर्वांत अवघड असते ते निघून जातात आणि अडकलेली रक्कमही वर्षाच्या निम्म्याहून कमी असते. ऑक्टोबरपासून पुन्हा कट्टा-कट्टा घ्यावा.

मुठेकाठ | १२ जानेवारी, सकाळी ८.३०

८३ दिवसांचा हिशेब फार आवडला. वर्ष आणि महिना या दोनच पर्यायांत आपण उगीच अडकतो.

रानजाई | १२ जानेवारी, दुपारी १२.००

सर्वांचे मनापासून आभार. एक प्रश्न राहतोच. मी पिंप स्वच्छ पुसून घेतले होते, झाकण घट्ट होते, दोन दिवस गच्चीवर जे काही ऊन मिळाले ते गव्हाला दिले होते. तरीही टोके कुठून आले?

शेतीशाळा | १२ जानेवारी, सायंकाळी ६.४५

मी कृषी पदवीधर आहे आणि धान्यसाठवण हा माझ्या अभ्यासाचा विषय होता, म्हणून उत्तर देण्याचा प्रयत्न करते.

कीड बहुतेक वेळा बाहेरून चालत येत नाही, ती धान्याबरोबरच घरात येते. सोंड असलेला टोका गव्हाच्या किंवा तांदळाच्या दाण्याला बारीक भोक पाडून आत अंडे घालतो आणि अळी आतच वाढते, त्यामुळे वरून दाणा अखंड दिसतो. चवळी, मूग, मटकी यांच्यातील भुंगा तर शेतातच शेंगेवर अंडी घालतो. म्हणूनच अगदी घट्ट झाकणाच्या डब्यातल्या चवळीतही भुंगे निघतात. तीच कडधान्ये डाळ करून ठेवली तर भुंग्याचा त्रास बराच कमी होतो.

तुमच्याकडे आणखी दोन गोष्टी झाल्या असाव्यात. जूनच्या ढगाळ उन्हात धान्य कोमट होते, वाळत नाही. आणि ते गरम असतानाच पिंपात भरले असेल, तर आत घाम धरतो आणि ओल तयार होते. वाळवलेले धान्य सावलीत पूर्ण निवू द्यावे आणि मगच भरावे. पिंप ओल्या भिंतीला टेकवू नये व थेट फरशीवर ठेवू नये, खाली लाकडी पाट असावा. जुन्या पिंपाच्या कडेच्या घडीत पीठ साचलेले असते आणि कीड तिथेच दबा धरते, त्यामुळे नुसते पुसणे पुरत नाही. धुऊन दिवसभर उन्हात ठेवावे.

कडधान्ये थोडी असतील तर एक-एक किलोची पिशवी घट्ट बांधून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवावी. बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर दाण्यांवर पाणी धरते.

आता कळकळीची विनंती. धान्यात ठेवण्यासाठी म्हणून ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या कोणी दिल्या तर त्या घरात आणू नयेत. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन हा अत्यंत विषारी वायू निघतो आणि बंद घरात त्याने माणसे दगावलेली आहेत. पाऱ्याच्या गोळ्या आणि बोरिक पावडर यांपासूनही दूर राहावे. आपण वाचवतो ते काही किलो धान्य असते आणि धोक्यात घालतो ती घरातली लहान मुले.

आजीची_पेटी | १२ जानेवारी, रात्री ८.३०

शेतीशाळा यांनी गोळ्यांबद्दल लिहिले ते फार बरे केले. आमच्या घरी आजही गव्हाला एरंडेलच लावतात आणि ते कसे लावायचे हे नीट सांगते, कारण पुष्कळ जणी तेल ओतून वर-खाली करतात आणि मग त्याचा उपयोग झाला नाही असे म्हणतात.

गहू आधी निवडून, पाखडून आणि दोन-तीन कडक उन्हे देऊन निववलेले असावेत. १० किलो गव्हाला ५० मिलिलिटर एरंडेल पुरते. परातीत दोन किलो गहू घ्यावेत, तळहाताला चमचाभर तेल चोळावे आणि गहू दोन्ही हातांत धरून, आपण पातळ पोह्यांना फोडणी लावताना जसे हलक्या हाताने चोळतो तसे चोळत राहावे. पहिल्यांदा तेल एकाच जागी चिकटते आणि त्या जागचे दाणे काळपट दिसतात. पाच-सात मिनिटांनी सगळ्या दाण्यांवर सारखी झळाळी येते आणि हातातून गहू घसरू लागतात. तिथे थांबावे. हे होईपर्यंत हात सोडायचा नाही, एवढेच माझी आई सांगत असे. तूरडाळीलाही हेच करतात, तेल मात्र अगदी थोडे घ्यावे.

कडुनिंबाचा पाला सावलीत कडकडीत वाळवूनच घालावा. ओलसर पाल्याने उलट बुरशी येते.

शेतीशाळा | १२ जानेवारी, रात्री ९.००

आजीची पेटी, याला शास्त्रीय आधारही आहे. दाण्यावर तेलाचा पातळ थर असला की भुंग्याची अंडी नीट चिकटत नाहीत आणि चिकटलेली बरीचशी उबत नाहीत. सर्व दाण्यांना तेल लागणे म्हणूनच आवश्यक असते.

मावळसूर्य | १३ जानेवारी, सकाळी ९.१५

तांदळाबद्दल थोडेसे. इंद्रायणी हा आमच्या मावळातला, वडगावच्या भात संशोधन केंद्रात तयार झालेला तांदूळ. नवा असताना त्याचा भात चिकट, गोडसर आणि सुवासिक होतो आणि आम्हाला तसाच आवडतो. मोकळा भात हवा असणाऱ्यांनी जुना कोलम घ्यावा, त्याला पाणीही जास्त लागते आणि तो फुगतोही जास्त. पैशांचा विचार केला तर रोजच्या वरणभाताला कोलम आणि सणावाराला दोन किलो आंबेमोहोर, असे आमच्या घरी चालते. खिचडी, धिरडी आणि इडलीच्या पिठासाठी कणी घ्यावी. ती तांदळापेक्षा स्वस्त मिळते आणि त्या पदार्थांत काही फरक पडत नाही.

दोन_वाट्या | १३ जानेवारी, दुपारी ३.४०

साठवणीवर चर्चा चांगली चालू आहे, परंतु रानजाई यांचा पैसा तिसऱ्या आठवड्यातल्या लहान पाकिटांवर जातो आहे, म्हणून त्याबद्दल लिहितो.

पाकिटाची किंमत वाचू नये, किलोचा दर वाचावा. आता पाकिटावर ग्रॅमचा किंवा किलोचा दर छापलेला असतो, तो बारीक अक्षरात असला तरी शोधावा. तेलाच्या बाबतीत तर हे फारच आवश्यक आहे. एक लिटर खाद्यतेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅम असते, मात्र दिसायला तेवढ्याच असलेल्या काही पिशव्यांत ८०० ते ८७० ग्रॅमच तेल असते. दोन पिशव्यांच्या किमती समोरासमोर ठेवून स्वस्त वाटणारी उचलली, तर पुष्कळदा तीच महाग पडते.

दुसरे असे की १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या बांधीव, लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर ५ टक्के जीएसटी लागू झाला. सुट्या धान्यावर तो नाही. तेव्हापासून २६ किलोच्या तांदळाच्या पिशव्या दिसू लागल्या, त्याचे कारण हेच. ओळखीच्या वाण्याकडे चांगला सुटा माल मिळत असेल तर तो बघून, हातात घेऊन घ्यावा.

पाषाणपूल | १३ जानेवारी, सायंकाळी ७.२०

सुट्या मालाबद्दल माझा अनुभव सावध करणारा आहे. आमच्या भागातल्या एका दुकानातून मी सुटी तूरडाळ पाच किलो घेतली. वरची डाळ स्वच्छ होती आणि खालच्या अर्ध्या पिशवीत जाळी लागलेली निघाली. परत करायला गेले तर नेताना पाहून न्यायला हवी होती असे उत्तर मिळाले. तेव्हापासून पोत्यात हात खोल घालून तळाची मूठ बाहेर काढायला सांगते. कोणाला राग आला तरी चालेल.

शनिवारकर | १३ जानेवारी, रात्री ८.००

ज्यांची शिधापत्रिका प्राधान्य कुटुंब गटात आहे त्यांनी हक्काचे धान्य अवश्य घ्यावे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे माणशी ५ किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. त्या तांदळाचे पीठ करून भाकरी, घावन आणि चकली उत्तम होतात. वाणसामानाच्या यादीतून तेवढे कमी करता येते.

केतकीवन | १४ जानेवारी, सकाळी १०.३०

काय साठवू नये यावर कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते.

बाजरीचे पीठ आठवड्यापेक्षा जास्त ठेवू नये, ते कडू होते. बाजरी अखंड ठेवावी आणि दोन किलोच दळावी. शेंगदाणे, सुके खोबरे आणि तीळ यांत तेल असते, म्हणून उन्हाळ्यात ते खवट होतात. महिन्याचेच आणावेत, कूट तर आठवड्याचेच करावे. बुरशी धरलेले किंवा काळे पडलेले शेंगदाणे निवडून बाकीचे वापरण्याचा मोह होतो, तो टाळावा, ती बुरशी विषारी असू शकते. रवा आणला की लगेच कोरडा भाजून ठेवावा. पावसाळ्यात पोहे, गूळ आणि मीठ लहान बरणीत थोडे-थोडे काढून वापरावे, मोठा डबा रोज उघडू नये.

वर्षाचे नक्की भरावे असे माझ्या मते तिखट, हळद आणि गोडा मसाला. ब्याडगी रंगाला, लवंगी तिखटपणाला, देठे काढून कडक उन्हात वाळवलेली आणि डंकावर कांडून आणलेली. वर्षाला दोन-अडीच किलोच लागते, जागा फार व्यापत नाही, आणि पाकिटातल्या मसाल्यापेक्षा निम्म्याच्या आसपास खर्च येतो असा आमच्या घरचा हिशेब आहे.

आणखी एक. डब्यांच्या तळाशी उरलेली मूठ-मूठ ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभराडाळ, उडीद आणि धने दर दोन महिन्यांनी एकत्र करून खमंग भाजावेत आणि थालिपिठाची भाजणी दळून आणावी. डबे रिकामे होतात, धुता येतात, जुन्यावर नवे पडत नाही, आणि महिनाअखेरीला भाजी नसली तरी ताटात गरम थालीपीठ असते.

निळा_डोंगर | १४ जानेवारी, दुपारी १.००

तिखट-हळदीच्या बाबतीत वर्षाची साठवण मला मान्य आहे.

रानजाई | २ मार्च, रात्री ९.४५

मी मुद्दाम दीड महिना थांबून लिहीत आहे.

त्याच आठवड्यात मी तुळशीबागेतून स्टीलचे चार मोठे डबे आणि एक साधा वजनकाटा आणला. ओवीताईंनी सांगितल्याप्रमाणे प्रत्येक झाकणाच्या आत तारखा लिहिल्या. आमची तूरडाळ ११ दिवसांना एक किलो लागते, तेल महिन्याला तीन लिटरांपेक्षा थोडे कमी आणि साखर दोन किलो. मी आतापर्यंत डाळ दोन किलो आणि साखर चार किलो आणत होते. फेब्रुवारीत यादी या आकड्यांवरून केली आणि घरपोच पाकीट एकदाही मागवावे लागले नाही. महिन्याचा खर्च ५,३५० रुपये झाला. उरलेले ६५० रुपये मी एका पाकिटात घालून त्यावर गहू असे लिहिले आहे.

जुने पिंप धुऊन दोन दिवस गच्चीवर ठेवले होते. कडेच्या घडीत सुई फिरवली तेव्हा खरोखरच चमचाभर पीठ निघाले आणि त्यात मेलेले टोके होते. ते पाहून सासूबाई म्हणाल्या की आमच्या पितळी डब्यांना घडीच नसायची, म्हणून हे कधी लक्षातच आले नाही.

काका, एप्रिलमध्ये दोन कट्ट्यांइतके पैसे जमणार नाहीत, एकाचे नक्की जमतील. तर एक एप्रिलमध्ये आणि दुसरा मे महिन्याच्या सुरुवातीला घेतला तर चालेल का?

भुसार_काका | ३ मार्च, सकाळी ७.३०

अवश्य चालेल. मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत घ्या, म्हणजे वळवाच्या आधी तीन उन्हे मिळतील. कट्टा घेण्यापूर्वी त्याच पोत्यातला एक किलो गहू विकत घेऊन घरी न्या, दळा आणि दोन दिवस पोळ्या करून पाहा. पोळी डब्यात दुपारपर्यंत मऊ राहिली तर त्याच गाळ्यावर परत जा आणि कट्टा समोर शिवून घ्या. दुसरा कट्टा पहिल्यावर ओतू नका, त्याला वेगळे पिंप ठेवा.

आजीची_पेटी | ३ मार्च, सकाळी ८.१०

आणि एरंडेल लावायच्या दिवशी कोणालातरी मदतीला घ्या. ३० किलो एकटीने चोळायचे म्हणजे अख्खी दुपार जाते आणि शेवटच्या दहा किलोंना हात कमी पडतो.